शवपेटीवर प्रेम, खून आणि जिराफ!

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये दहनाऐवजी दफनाची पद्धत रुजली आणि शिल्पकारांची चांदी झाली. पैसेवाल्यांना संगमरवरी शवपेट्या हव्या होत्या आणि त्यांवर ग्रीक पुराणकथा. कथा जुनी, पण पात्रांत कधी कधी घरचीच मंडळी!

उलटी सावित्री: रोमजवळच्या ऑस्तियाच्या सुतारसंघाचा पदाधिकारी युहोडस आणि त्याची बायको मेटिलिया आक्ते यांच्या पेटीवर अल्केस्टिसची कथा आहे. राजाऐवजी कुणीतरी मरायला हवं होतं. म्हाताऱ्या आईबापांनी हात वर केले, राणी अल्केस्टिस मात्र तयार झाली. पुढे महाबली हेराक्लीसने तिला परत आणलं. राजाराणीच्या धडांवर चेहरे आहेत ते या जोडप्याचे. पेटी आज व्हॅटिकनमध्ये आहे.

मारलं आणि प्रेमात पडला: व्हॅटिकनमध्येच आणखी एक जोडपं ग्रीक वीर अकिलीस आणि लढवय्या ॲमेझॉन स्त्रियांची राणी पेंथेसिलिया बनलंय. कथेत तो तिला ठार मारतो आणि ती मरता मरता तिच्यावर भाळतो. या राणीची केशरचना मात्र थेट तिसऱ्या शतकातल्या फॅशनची!

आईसाठी देखणा तरुण: अनिनिया हिलारा हिने आई क्लॉडिया आरियासाठी एंडिमियनची पेटी घेतली. तो गाढ झोपलाय आणि चंद्रदेवी सेलेनी रथातून उतरून त्याच्याकडे निघालीय. पेटीवरच्या लेखात आईचं वयही चोख दिलंय: 50 वर्षं 10 महिने. पेटी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

बिनचेहऱ्याची नायिका: पॅरिसच्या लूव्रमधल्या एका पेटीवर सगळं बारकाईने कोरलंय, फक्त कथेची नायिका, झोपलेली एरिॲडनी, हिचा चेहरा कोराच आहे. बहुधा तिथे मालकिणीचा चेहरा यायचा होता. तो राहूनच गेला.

भारतातून जिराफ: बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात साधारण इ. स. 190 ची पेटी आहे. तिच्यावर मद्यदेव डायोनिससची भारतविजयाची मिरवणूक निघालीय. रथाला बिबटे, पुढे सिंह, हत्ती आणि चक्क जिराफ! भारतात जिराफ नसतो, हे शिल्पकाराला कोण सांगणार?

सेकंडहँड पेटी: सावत्र मुलावर जीव जडलेल्या फीड्राची रोमन पेटी 1076 मध्ये पिसात बेआत्रिचे या सरदारीणबाईंच्या दफनासाठी पुन्हा वापरली गेली. पुढे शिल्पकार निकोला पिसानोने ती निरखून पाहिली आणि 1260 मध्ये पिसाच्या बाप्तिस्मागृहातल्या व्यासपीठावर बसलेली मेरी फीड्राच्याच थाटात कोरली. बदनाम सावत्र आई अशी थेट कुमारी मातेच्या आसनावर जाऊन बसली!