एक नोंद, तीन संगणक

(एकच माहिती अनेक संगणकांवर कशी सांभाळतात आणि त्यासाठी लागणारी व्यवस्था वेगवेगळ्या प्रकारच्या संगणकांवर कशी बसवतात, हे प्रस्तुत पाठात सोप्या शब्दांत सांगितले आहे.)



तुमच्या शाळेच्या कार्यालयात एक जाडजूड जनरल रजिस्टर असते. तुम्ही शाळेत दाखल झालात, तेव्हा तुमचे नाव आणि जन्मतारीख त्यात लिहिली गेली. तुम्ही शाळा सोडाल, तेव्हा त्यात पाहूनच तुम्हांला शाळा सोडल्याचा दाखला मिळेल. कॉलेजात प्रवेश घेताना किंवा नोकरीसाठी अर्ज करताना तो दाखला उपयोगी पडतो. आता कल्पना करा, की एका पावसाळ्यात ते रजिस्टर भिजले किंवा त्याला वाळवी लागली. त्याची दुसरी प्रत कोठेही नाही. मग तुमची नोंद कोठे शोधायची?

नोंदी संगणकावर ठेवल्या, तरी ही काळजी संपत नाही. संगणकही बंद पडतो. त्यातील डिस्क एके दिवशी अचानक निकामी होते. म्हणून तज्ज्ञांनी एक युक्ती काढली. एकच नोंद अनेक संगणकांवर ठेवायची. एक संगणक बंद पडला, तर दुसरा उत्तर देईल. अशा व्यवस्थेला 'वितरित डेटाबेस' म्हणतात. डेटाबेस म्हणजे नीट मांडून ठेवलेला माहितीचा साठा आणि वितरित म्हणजे वाटून ठेवलेला.

कॅसँड्रा हा असाच एक डेटाबेस आहे. फेसबुक या कंपनीत अविनाश लक्ष्मण आणि प्रशांत मलिक यांनी तो तयार केला. लोकांना आपल्या असंख्य संदेशांतून हवा तो संदेश चटकन शोधता यावा, हा त्यामागचा हेतू होता. २००८ साली कंपनीने तो सर्वांसाठी खुला केला. पुढे अपाचे या संस्थेने त्याची जबाबदारी घेतली. आज तो कोणालाही विनामूल्य वापरता येतो. प्राचीन ग्रीक कथांमध्ये कॅसँड्रा नावाची एक राजकन्या आहे. ती खरे भविष्य सांगे; पण कोणी तिच्यावर विश्वास ठेवत नसे. तिचेच नाव या डेटाबेसला दिले आहे.

दोघांचे एकमत

तीन संगणकांवर एकच नोंद ठेवली, की एक नवा प्रश्न उभा राहतो. समजा, एका मुलीची जन्मतारीख चुकली होती आणि ती दुरुस्त केली. पण त्या वेळी एक संगणक बंद होता. तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा त्याच्याजवळ जुनी तारीखच होती. आता खरी तारीख कोणती?

येथे साधे अंकगणित मदतीला येते. आपण असा नियम करू, की तीनपैकी दोन संगणकांनी 'नोंद लिहिली' असे कळवले, तरच ती पक्की मानायची. वाचतानाही दोन संगणकांना विचारायचे. दोन आणि दोन मिळून चार होतात. पण संगणक तर तीनच आहेत. म्हणजे लिहिणाऱ्या जोडीतला निदान एक संगणक वाचणाऱ्या जोडीत असणारच. तो नवी तारीख सांगेल. प्रत्येक नोंदीबरोबर ती लिहिल्याची वेळही साठवलेली असते. दोन उत्तरे वेगळी आली, तर नंतरच्या वेळेची नोंद खरी मानली जाते.

यावरून एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. तिन्ही संगणकांची घड्याळे एकसारखी हवीत. एखाद्याचे घड्याळ मागे असेल, तर त्याने दिलेली नवी नोंदही जुनी ठरेल!

वेगवेगळ्या घरांचे रिवाज

आता हा डेटाबेस संगणकावर बसवायचा आहे. पण सर्व संगणक एकाच पद्धतीने चालत नाहीत. संगणकाचा सारा कारभार पाहणाऱ्या मूळ आज्ञावलीला 'कार्यप्रणाली' किंवा ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज ही मायक्रोसॉफ्ट कंपनीची आहे, तर मॅकओएस ॲपल कंपनीची. लिनक्सची सुरुवात फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली केली आणि पुढे जगभरच्या लोकांनी ती वाढवली.

प्रत्येक घराचे रिवाज वेगळे असतात, तसे या कार्यप्रणालींचेही असतात. फाइलचा पत्ता लिहिताना लिनक्स आणि मॅकओएसमध्ये उजवीकडे झुकलेली तिरपी रेघ वापरतात, तर विंडोजमध्ये डावीकडे झुकलेली. इंग्रजी मोठ्या आणि लहान लिपीत एकच नाव लिहिले, तर लिनक्स त्या दोन वेगळ्या फाइली समजते. विंडोज मात्र सहसा त्यांना एकच मानते. ओळ कोठे संपली, ही खूणसुद्धा दोघांची वेगळी आहे.

मग एकच डेटाबेस सगळीकडे कसा चालावा? तुम्ही उर्दूतून बोलता, समोरच्याला फक्त तमीळ येते. अशा वेळी एखादा दुभाष्या मध्ये असला, की काम होते. कॅसँड्रासाठी हे काम जावा करते. जावा ही संगणकाची भाषा १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने प्रसिद्ध केली. कॅसँड्रा याच भाषेत लिहिला आहे. म्हणून डेटाबेस बसवण्याआधी प्रत्येक संगणकावर जावा बसवावी लागते, आणि तीही योग्य आवृत्तीची. २०२४ साली आलेल्या कॅसँड्राच्या ५.० या आवृत्तीला जावाची ११ किंवा १७ ही आवृत्ती लागते. दुभाष्या चुकीचा निवडला, तर संभाषण सुरूच होत नाही.

बसवण्याची रीत

लिनक्सवर हे काम सर्वांत सरळ आहे. लिनक्सचे अनेक प्रकार आहेत. डेबियन आणि उबुंटूवर 'एप्ट' नावाच्या साधनाने, तर रेड हॅटसारख्या प्रकारांवर 'यम' या साधनाने कॅसँड्रा बसवतात. त्याआधी तो कोठून आणायचा, हे त्या साधनाला सांगून ठेवावे लागते. येथे एक फरक लक्षात ठेवा. डेबियनवर डेटाबेस बसवताच तो आपोआप सुरू होतो; रेड हॅटवर तो आपण सुरू करावा लागतो. डेबियनवर बसवल्यावर प्रथम तो थांबवावा आणि त्याने तयार केलेली कोरी माहिती पुसून टाकावी. त्यानंतरच पुढची मांडणी करावी. हे का करायचे, ते लवकरच कळेल.

मॅकओएसवर 'होमब्रू' या साधनाने कॅसँड्रा बसवता येतो. शिकण्यासाठी आणि सरावासाठी ही सोय चांगली आहे.

विंडोजची गोष्ट थोडी वेगळी आहे. पूर्वी कॅसँड्रा थेट विंडोजवर चालवता येत असे. २०२१ साली ४.० ही आवृत्ती आली, तेव्हा ती सोय काढून टाकण्यात आली. म्हणून आता विंडोजच्या आतच लिनक्सला जागा करून द्यावी लागते. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने २०१६ साली एक व्यवस्था आणली. तिच्यामुळे विंडोजच्या संगणकावर लिनक्सच्या आज्ञा चालतात. दुसरा मार्ग 'डॉकर' या साधनाचा. एखादी आज्ञावली आणि तिला लागणारे सारे सामान एका डब्यात भरून द्यावे, तसे डॉकरचे काम असते. कॅसँड्राचा असा तयार डबा मिळतो. त्यात जावाही असते. विंडोज असो की मॅकओएस, हा डबा उघडला की काम सुरू होते. अर्थात तेथेही पडद्यामागे लिनक्सच चालत असते.

सरावासाठी कोणताही मार्ग निवडा. पण जेथे लोकांच्या खऱ्या नोंदी सांभाळायच्या आहेत, तेथे सर्व संगणकांवर लिनक्स आणि कॅसँड्राची एकच आवृत्ती ठेवणे सोयीचे असते.

एकमेकांची ओळख

तिन्ही संगणकांवर डेटाबेस बसवला, म्हणजे काम झाले असे समजू नका. खरे काम आता सुरू होते. बसवल्यानंतर कॅसँड्रा फक्त स्वतःचाच पत्ता ओळखतो. तीन माणसे तीन खोल्यांत दारे लावून बसली आहेत, असे ते दृश्य असते. प्रत्येक संगणक चालू दिसतो. पण प्रत्येक जण एकटाच असतो. नवशिके येथेच फसतात.

ही दारे उघडण्यासाठी मांडणीची एक फाइल असते. तिच्यात चार गोष्टी लिहाव्या लागतात. पहिली, समूहाचे नाव. ते तिन्ही संगणकांवर अक्षरशः तेच हवे. दुसरी, त्या संगणकाचा स्वतःचा पत्ता. तो प्रत्येकाचा वेगळा असतो. तिसरी, नोंदी विचारायला येणाऱ्यांनी कोणत्या पत्त्यावर यावे, ते. चौथी, ओळख करून देणाऱ्या संगणकाचा पत्ता. नवीन मुलगा वर्गात आला, की एखादा जुना विद्यार्थी त्याची सर्वांशी ओळख करून देतो, तसेच हे आहे. एकदा ओळख झाली, की संगणक दर सेकंदाला आपापसांत खबरबात घेतात. कोण जागा आहे, कोण बंद पडला, हे त्यांना त्यावरून कळते.

डेबियनवर आधी डेटाबेस का थांबवला, हे आता समजेल. पहिल्यांदा सुरू होताना कॅसँड्रा समूहाचे नाव साठवून ठेवतो. नंतर फाइलमध्ये दुसरे नाव लिहिले, तर तो सुरू व्हायला नकार देतो.

ही फाइल लिहिताना ओळीच्या सुरुवातीच्या रिकाम्या जागांनाही अर्थ असतो. ती जागा स्पेसच्या कळीनेच सोडायची. टॅबची कळ वापरायची नाही. याशिवाय संगणकाच्या पहारेकऱ्याला, म्हणजे फायरवॉलला, दोन दरवाजे उघडायला सांगावे लागतात. ७००० क्रमांकाच्या दरवाजातून संगणक आपापसांत बोलतात. ९०४२ क्रमांकाच्या दरवाजातून नोंदी विचारणारे येतात. आणि हो, मूळ मांडणीत कॅसँड्रा परवलीचा शब्द विचारतच नाही! तो विचारण्याची सोय आपण सुरू करावी लागते. नाहीतर नोंदींचे कपाट कोणीही उघडेल.

परीक्षा

आता तपासून पाहू. कॅसँड्राबरोबर 'नोडटूल' नावाचे एक साधन येते. त्याला समूहाची स्थिती विचारली, की प्रत्येक संगणकाची एक ओळ दिसते. तिन्ही ओळींच्या सुरुवातीला 'यू' आणि 'एन' ही इंग्रजी अक्षरे दिसली, तर संगणक चालू आहेत आणि सारे ठीक आहे. एकच ओळ दिसली, तर संगणकांची ओळख झालेली नाही.

यानंतर नोंदींसाठी जागा तयार करा आणि प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती ठेवायला सांगा. हे सांगायला विसरू नका. संगणक तीन आहेत म्हणून प्रती आपोआप तीन होत नाहीत. तसेच दोघांच्या एकमताचा नियमही लिहिताना आणि वाचताना आपणच सांगावा लागतो. मग एक नोंद लिहा आणि एका संगणकाची तार काढून घ्या. दुसऱ्या संगणकावर तीच नोंद मागा. ती लगेच मिळेल! तार पुन्हा जोडली, की चुकलेल्या नोंदी त्या संगणकाला इतर संगणक पोहोचवतात. मूळ मांडणीत अशा नोंदी तीन तास राखून ठेवतात. संगणक त्याहून अधिक वेळ बंद राहिला, तर दुरुस्तीची आज्ञा देऊन प्रती जुळवून घ्याव्या लागतात.

शेवटी एक धोका सांगतो. तीन प्रती आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. कोणी चुकून एखादी नोंद पुसली, तर तो हुकूम तिन्ही संगणक इमानाने पाळतात. नोंद तिन्हीकडून जाते. यंत्र बिघडले, तर प्रती वाचवतात. माणूस चुकला, तर त्या वाचवत नाहीत. त्यासाठी ठरावीक दिवसांनी सर्व माहितीची वेगळी नक्कल काढून दुसरीकडे ठेवावीच लागते.

मित्रांनो, संगणकाच्या पडद्यावर तुम्हांला फक्त अक्षरे आणि आकडे दिसतील. पण त्यातला प्रत्येक आकडा कोणाची तरी जन्मतारीख असेल, कोणाचे गुण असतील, कोणाच्या कष्टाचे पैसे असतील. उद्या तुमच्यापैकी कोणी हे काम करील. तेव्हा ती नोंद आपल्याच घरातल्या माणसाची आहे, असे समजून ती सांभाळा.

शब्दार्थ

वितरित – वाटून ठेवलेला
दुभाष्या – दोन भाषा जाणणारा, एकाचे बोलणे दुसऱ्याला समजावणारा
आवृत्ती – आज्ञावलीचे सुधारून काढलेले रूप
परवलीचा शब्द – ओळख पटवणारा गुप्त शब्द
निर्धास्त – काळजी नसलेला

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कॅसँड्रा सर्वांसाठी कोणत्या साली खुला झाला?
(आ) कॅसँड्रासाठी दुभाष्याचे काम कोण करते?

२. कारणे लिहा.
(अ) तिन्ही संगणकांची घड्याळे एकसारखी असावी लागतात.
(आ) तीन प्रती असूनही माहितीची वेगळी नक्कल काढावी लागते.

३. समजा, संगणक पाच आहेत आणि प्रत्येक नोंदीच्या पाच प्रती आहेत. नोंद पक्की मानण्यासाठी किती संगणकांचे एकमत हवे? का, ते आपल्या शब्दांत सांगा.