देवीचा वण

रहिमतपुरात पारावर बसलेल्या एखाद्या आजोबांना बाही वर करायला सांगा. दंडावर रुपयाएवढा, सुरकुतलेला गोल वण दिसेल. 'लहानपणी देवी टोचल्या,' एवढंच ते म्हणतील. त्या वणाचा प्रवास मात्र व्हिएन्नापासूनचा आहे.

देवी झाल्या की अंगभर फोड यायचे. दहांतले साधारण तीन दगावत. वाचलेल्यांच्या तोंडावर खड्डे राहत, कुणाचे डोळे जात. १४ मे १७९६ रोजी इंग्लंडात एडवर्ड जेन्नरने एका गवळणीच्या हातावरच्या फोडातली लस आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला टोचली. तो फोड तिला गाईपासून आलेला. पुढे जेन्नरने त्याच पोराला मुद्दाम खऱ्या देवी टोचून पाहिल्या. (आज असं करणाऱ्याला तुरुंगात घालतील!) जेम्सला काही झालं नाही.

आता ही लस मुंबईला आणायची कशी? फ्रिज नव्हता. दोऱ्यावर वाळवून पाठवलेली लस वाटेतल्या उन्हाने निकामी होई. शेवटी व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी ती काचांमध्ये धरून वरून मेणाने लिंपली. तशी ती बगदादला ओली पोचली. तिथे मुलांना टोचून ताजी केली, मग बसऱ्याहून जहाजाने मुंबईला.

१४ जून १८०२. मुंबईतल्या तीन वर्षांच्या अॅना डस्टहॉलला टोचलं आणि तिच्या दंडावर फोड धरला. आठवड्याभराने फोड भरला की त्यातली लस दुसऱ्याच्या दंडात, त्याच्याकडून तिसऱ्याच्या. अॅनाकडून आधी पाच मुलांना मिळाली, मग पुणे, सुरत, हैदराबाद. थोडक्यात, लसीची बाटली म्हणजे मुलाचा दंड! साखळी एका जागी तुटली, की पुन्हा बगदादकडे तोंड करून बसायचं. डॉक्टरांची नावं पुस्तकांत सहज सापडतात. मला या गोष्टीत मोठी वाटते ती अॅना.

पुढे वासरांच्या कातडीवर लस वाढवू लागले, तेव्हा मुलांची सुटका झाली. गावोगाव 'देवीचे डॉक्टर' फिरू लागले. भारतातला शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये सापडला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने सगळं जग देवीमुक्त जाहीर केलं.

तुमच्या दंडावरचा बारका वण बीसीजीचा, क्षयाच्या लसीचा. देवीचा वण आता चाळिशीच्या आतल्या कुणाच्या दंडावर सापडायचा नाही.