'झिंगाट'वर नाचलो, मग शेवटी एवढी शांतता का? सिनेमातलं संगीत आपल्याला काय सांगत असतं

बुटीबोरीत वरात निघाली आणि डीजेवर 'झिंगाट' लागलं, की नवरदेवाचे काकाही रस्त्यावर उतरतात. पण तुम्ही 'सैराट' (2016) पाहिला असेल, तर आठवा: हेच गाणं वाजवणारा सिनेमा शेवटच्या दृश्यात एक सूरही ऐकू देत नाही. लहान मूल रक्ताच्या पावलांनी बाहेर येतं आणि आवाज बंद.

हा योगायोग नाही. अजय-अतुल यांनी 'सैराट'साठी लॉस एंजेलिसमध्ये सिम्फनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. गावातल्या प्रेमाला तो भव्य वाद्यमेळ मिळाला. आर्ची-परशा हैदराबादला गेले की गाणी थांबतात, भाडं आणि भांडणं सुरू होतात. स्वप्न संपल्याचं कुठलंही पात्र बोलून दाखवत नाही, पण आपल्याला ते कळलेलं असतं.

मग 'झुंड'चं काय?

2022चा 'झुंड' तर आपल्याच नागपूरचा. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 मध्ये पावसात बादलीला लाथा मारत खेळणारी पोरं पाहिली आणि 'स्लम सॉकर' सुरू झालं. त्यावरून प्रेरित हा सिनेमा.

झोपडपट्टीवरच्या सिनेमात व्हायोलिन रडवलं की प्रेक्षक कीव करतो, आणि ढोल गंभीर केले की घाबरतो. बातम्यांच्या व्हिडिओतही हेच चालतं, बघा कधी. नागराज मंजुळेंनी या पोरांना 'आया ये झुंड है' आणि 'लात मार' दिलं, म्हणजे ताल, दिमाख, थोडा माजही. त्यामुळे आपण त्यांच्याकडे वरून पाहत नाही, त्यांच्यासोबत चालतो. 'बादल से दोस्ती'पाशी मात्र सिनेमा नेहमीच्या प्रेरणादायी क्रीडापटासारखा गोड होतो, असं मला वाटतं. तिथे पोरांचा चेहरा पुरेसा होता.

संगीत कमी केलं तर?

चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' (2014) पाहा. त्यात लोकशाहीर नारायण कांबळेंची भूमिका नागपूरच्या वीरा साथीदारांनी केली. गाणी संभाजी भगत यांची, पण ती मंचावरच वाजतात. म्हणजे जे पात्रांना ऐकू येतं, तेच आपल्यालाही. न्यायालयात तारखेवर तारीख पडते, तेव्हा 'आता वाईट वाटून घ्या' असं सांगायला मागे बासरी नाही. राग आला तर तो आपला स्वतःचा असतो. (साथीदार 2021 मध्ये कोरोनाने गेले. हा सिनेमा त्यांच्यासाठी तरी पाहाच.)

'फँड्री'ची गोष्ट आणखी गमतीची. 'तुझ्या प्रीतीचा विंचू' ऐकून अनेक जण थेटरात गेले आणि गाण्याची वाट पाहत बसले. ते प्रसिद्धीपुरतंच होतं. सिनेमात लक्षात राहतं ते राष्ट्रगीत: डुकरामागे धावणारं कुटुंब ते सुरू होताच जागच्या जागी उभं राहतं.

पुढच्या वेळी एखादा रडवणारा सीन रीलवर आला, तर एकदा म्यूट करून बघा. तरीही घशात काही अडकलं, तर ते दिग्दर्शकाचं आणि नटाचं काम.