अपडेटआधीचा रीबूट

मेंटेनन्सच्या रात्री अपडेटला हात लावण्याआधी मी सर्व्हर आहे तसाच एकदा रीबूट करतो. टीममध्ये नव्याने आलेल्या मुलांना हे पटत नाही. शेवटी रीबूट करायचाच आहे, मग दोनदा कशाला, असं ती विचारतात. डाऊनटाईम मिळालेला असतो जेमतेम दोन-अडीच तासांचा. त्यातली दहा मिनिटं अशी घालवणं त्यांच्या जिवावर येतं. तरी या पहिल्या रीबूटबाबत मी कुणाचं ऐकत नाही.

सर्व्हर एकदा उठला, की मेमरीत जे आहे त्यावर तो महिनोन्‌महिने चालतो. बूट होताना लागणाऱ्या बऱ्याच फाइलींकडे मधल्या काळात तो वळूनही पाहत नाही. त्या काळात कोणी एखादी सर्व्हिस हाताने सुरू केलेली असते, पण ती बूटला आपोआप उठावी म्हणून ‘एनेबल’ करायचं राहून जातं. कोणी फायरवॉलमध्ये नियम घालतं आणि सेव्ह करत नाही. चालू मशीनवर यातलं काहीच जाणवत नाही. अपटाईम ४०० दिवसांच्या पुढे गेला, की लोक कौतुकाने स्क्रीनशॉट पाठवतात. मला त्या आकड्याची धास्ती वाटते, कारण हे मशीन आपलं आपण उठतं का, हे तेवढे दिवस कोणी पाहिलेलंच नसतं.

एका ग्राहकाच्या लिनक्स सर्व्हरला असाच पहिला रीबूट दिला. पिंगची उत्तरं थांबली ती थांबलीच. व्हर्च्युअल मशीन एरवी मिनिटभरात वर येतं, म्हणून कन्सोल उघडला. काळ्या पडद्यावर एकच ओळ होती: अमुक डिस्कसाठी स्टार्ट जॉब चालू आहे. ओळीच्या सुरुवातीला लाल चांदण्या इकडून तिकडे सरकत होत्या, शेवटी सेकंद मोजले जात होते आणि पुढे दीड मिनिटाची मर्यादा लिहिलेली. दीड मिनिट संपलं आणि मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन रूटचा पासवर्ड मागू लागलं. बॅकअपची जुनी डिस्क कोणीतरी कधीच काढून टाकली होती, पण बूटला जोडायच्या डिस्कांच्या यादीत, म्हणजे एफएसटॅबमध्ये, तिची ओळ तशीच होती. त्या ओळीपुढे हॅश टाकला, पुन्हा रीबूट दिला, मशीन मुकाट वर आलं.

हेच अपडेटनंतर घडलं असतं, तर सगळ्यांचा पहिला संशय नव्या कर्नलवर गेला असता. पहाटे तीनला जुन्या कर्नलवर परत जा, पॅकेजेस उलटी फिरवा, असं सुरू झालं असतं आणि ती ओळ तिथेच राहिली असती.

अपडेटनंतरचा रीबूट मात्र वेगळ्या कारणासाठी. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड दोष उघड झाला, तेव्हा लायब्ररी अपडेट करून भागत नव्हतं. डिस्कवर नवी फाइल आली, तरी आधीपासून चालू असलेला वेब सर्व्हर मेमरीतली जुनीच वापरत राहतो. त्याला रीस्टार्ट केल्याशिवाय भोक बुजत नाही. डेबियन-उबुंटूवर नीडरीस्टार्ट हा प्रोग्रॅम अशा सर्व्हिसेसची यादी देतो. ती वाचायचा कंटाळा करू नये. कर्नलसाठी लिनक्स ४.० पासून, म्हणजे २०१५ पासून, लाइव्ह पॅचिंगची सोय आहे. तातडीचा दोष झाकायला ती फार उपयोगी, पण पूर्ण नवा कर्नल हवा तर रीबूटच.

वेब सर्व्हर अनेक असतील तर लोड बॅलन्सरमधून एकेक बाहेर काढून रीबूट करायचे. डेटाबेसचा रेप्लिका आधी, मुख्य नंतर.

दुसऱ्या रीबूटनंतर पिंग आलं म्हणून लॅपटॉप मिटू नये. फेल झालेली युनिट्स बघावीत, क्रॉन चालतंय का ते बघावं आणि ग्राहकाच्या माणसाला फोन करून खरं लॉगिन, खरं बिल काढून घ्यावं. अपडेटआधी घेतलेला स्नॅपशॉट मी सोमवारचं काम उरकेपर्यंत ठेवतो आणि मंगळवारी आठवणीने काढतो, कारण ठेवला तर तो फुगत जातो आणि एक दिवस स्टोरेज भरून सर्व्हर बसतो.