पाठलागामागचे ट्रम्पेट

सत्तरच्या दशकातल्या हिंदी मारधाडपटांचे पार्श्वसंगीत म्हणजे इंग्रजी सिनेमातून उचललेला माल, असे सर्रास बोलले जाते. आरोप अगदीच खोटा नाही. लालो शिफ्रिन हा अर्जेंटिनाचा पियानोवादक डिझी गिलेस्पीच्या जाझ वाद्यवृंदातून हॉलिवूडमध्ये गेला आणि ‘बुलिट’ (१९६८), ‘डर्टी हॅरी’ (१९७१) यांतून त्याने ताणाला नवा आवाज दिला. खाली बेस गिटारचा तोच तोच तुकडा, वर तालवाद्ये, आणि अपेक्षा नसलेल्या मात्रेवर फुटणारे ट्रम्पेट. पुढचा ठोका कुठे पडणार याचा अंदाज लागत नाही, म्हणून जीव टांगणीला लागतो. मुंबईचे संगीतकार हे ऐकत होते, चालीही उचलत होते. पण चाल उचलता येते, वाजवणारा हात नाही. आणि तो हात मुंबईत आधीपासून होता. १९३५ मध्ये ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद आला. चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेल्या गोव्याच्या वादकांनी असल्या मंडळींकडून आणि रेकॉर्डवरून जाझ आत्मसात केला. त्यांतलाच अंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट पुढे आपल्या संगीतकार सी. रामचंद्रांचा सहायक झाला. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने हॉटेलांतली कामे आटली, तसे वादक अधिकच स्टुडिओंकडे वळले.

हे संगीत निव्वळ नक्कल नव्हते, याचा पडताळा ‘शोले’ (१९७५) ऐकताना येतो. गब्बरच्या भोवतीचा चेलोचा कण्हणारा सूर काय, जयचा माउथ ऑर्गन काय, राहुल देव बर्मन यांनी प्रसंग पाहून ते योजले. कल्याणजी-आनंदजींच्या ‘डॉन’मधल्या (१९७८) ब्रासबद्दल तर उलटा पुरावा आहे: ‘अपराध’ आणि ‘डॉन’मधली त्यांची गाणी ‘ब्लॅक आइड पीज’ या अमेरिकन गटाने २००५ मध्ये आपल्या गाण्यात वापरली. निव्वळ नक्कल असती, तर मूळ मालाच्या बाजारात तिला गिऱ्हाईक मिळाले नसते.

जाझचे नावही न ऐकलेल्या जळगाव-धुळ्याच्या प्रेक्षकाला याचे काय, अशी शंका निघेल. पण त्याचा कान वरातीच्या बँडने तयार केला होता. इंग्रजी फौजेबरोबर आलेली पितळी वाद्ये आपल्याकडे लग्नांत शिरली. तिकडे न्यू ऑर्लीन्समध्ये रस्त्यावरच्या तसल्याच बँडांनी जाझच्या जन्माला हातभार लावला. त्यामुळे पडद्यावर ट्रम्पेट कडाडले तेव्हा खानदेशी माणसाला ते परके वाटायचे कारण नव्हते. बँडवाला गाणे बसवताना मधले म्युझिकचे तुकडेही बसवतो, कारण पोरे नाचतात ती पुष्कळदा त्याच तुकड्यांवर. तरीही नकलेचा आरोप इतका टिकला, त्याला एक साधे कारण आहे. त्या काळच्या बहुतेक श्रेयनामावल्यांत संगीतकार आणि त्यांचे सहायक यांची नावे येतात. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, चेलो वाजवणाऱ्यांची येत नाहीत.