तीर्थोपाध्यायांच्या वह्या

तीर्थोपाध्यायांच्या वह्या म्हणजे तीर्थक्षेत्री येणाऱ्या यजमानांच्या कुळांची पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेली हस्तलिखित नोंद होय. महाराष्ट्रात नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील वह्या विशेष परिचित आहेत. नॉर्वेत पूर्वजांचा शोध चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदींवरून घेतात. येथील वहीत मात्र नोंद होते ती यात्रेची.

स्वरूप

यजमानांची वाटणी गाव, आडनाव व जात यांनुसार असते. यात्रेकरूचे मूळ गाव, वाडवडील, भाऊ व मुले यांची नावे आणि भेटीची तिथी लिहून त्याची सही घेतली जाते. जुना मजकूर मोडी लिपीत आढळतो.

शोध व मर्यादा

धाराशिव जिल्ह्यातील मुरुम येथील कुटुंबाला उपाध्याय शोधताना आजच्या पत्त्यापेक्षा मूळ गाव अधिक उपयोगी पडते. ज्या पिढीने यात्रा केली नाही, तिची नोंद पुढील पिढीच्या स्मरणावर अवलंबून राहते. लेकींची नावे पुष्कळदा गळलेली असतात. म्हणून वहीतील वंशावळ महसुली व शालेय नोंदींशी ताडून पाहावी लागते. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्याने तेथील अनेक जुने कागद उर्दूत आहेत. कुणबी नोंदींच्या शोधार्थ २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेल्यावर अशा जुन्या कागदांचे महत्त्व वाढले.