परिचर्येची विद्या आणि आमचे पालक

बारावीचा निकाल लागला, कीं धाराशिव, तुळजापूर, उमरगा येथील पेठांत एकच प्रश्न ऐकूं येतो : पोरीचें आतां काय करावें ? त्यावर कोणी नर्सिंगचें नांव काढिलें, तर पुष्कळ सद्गृहस्थांच्या कपाळास आठी पडते. परक्याचें मळमूत्र काढणें, रात्रीची जागरणें, असल्या कामास आमची मुलगी ? १९०९ सालीं पुण्यास सेवासदन निघालें व पुढें त्या संस्थेनें विधवा स्त्रियांस परिचर्या शिकण्यास ससून रुग्णालयांत पाठविलें, तेव्हांपासूनचा हा आक्षेप आहे. शंभर वर्षें लोटलीं. आक्षेप काडीचा बदलला नाहीं!

वास्तविक आमच्या जिल्ह्यानें तरी ही आठी घालूं नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटें भूकंपानें ज्यांचीं घरें पडलीं, त्या सास्तूरकरांस विचारावें, कीं शिकलेल्या हातांचें मोल काय. अणदूर येथें हॅलो मेडिकल फाउंडेशननें खेड्यांतील अल्पशिक्षित बायांस 'भारतवैद्य' म्हणून तयार केलें. बुद्धीची किंवा धैर्याची आमच्या बायांत वाण नाहीं, एवढें तरी त्यावरून ठरलें.

वाण आहे ती माहितीची, आणि चूक होते ती बारावीनंतर नव्हे, दहावीनंतर. बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा क्रम भौतिक, रसायन व जीवशास्त्र घेतल्यावांचून मिळत नाहीं. विज्ञानशाखा दूरच्या गांवीं आहे, एस्.टी.ची गैरसोय आहे, म्हणून बापानें मुलीस कलाशाखेंत घातलें, कीं तो दरवाजा त्याच दिवशीं बंद झाला. पण सर्वच बंद झाले असें नव्हे. ए.एन.एम. दोन वर्षांचा व केवळ स्त्रियांचा, जी.एन.एम. तीन वर्षांचा, त्यांत मुलगेही जाऊं शकतात. हे दोन्ही कलाशाखेच्या विद्यार्थ्यांसही खुले आहेत. जी.एन.एम. होऊन नोंदणी झालेल्यास पुढें दोन वर्षांत पदवीही घेतां येते. वाट लांबते खरी, तुटत नाहीं. प्रयोगशाळा व क्ष-किरण यांचे अभ्यासक्रम निराळे. त्यांविषयीं पुन्हां केव्हां तरी.

आतां आमच्या व्यापारी वाचकांस एक रोखठोक सांगणें आहे. दुकानाच्या माडीवर पाटी लावून 'सहा महिन्यांत नर्स' करणारे लोक ठिकठिकाणीं निघतात. फी रोख घेतात, रंगीत प्रमाणपत्र देतात. आणि त्या कागदावर महाराष्ट्र परिचर्या परिषद नोंदणी करीत नाहीं. नोंदणीवांचून सरकारी रुग्णालयांत नर्सची जागा नाहीं, खासगींत मिळाली तर मोलकरणीच्या पगारावर. मुलीचीं वर्षें जातात तीं वेगळींच. दोष मात्र पेशाला लागतो, कीं पाहा, नर्सिंग करून काय मिळालें !

आडतीवर पोत्यांतला दाणा हातावर घेऊन पाहिल्यावांचून जो भाव बोलत नाहीं, त्यानें लेकीची फी भरतांनाच डोळे कां मिटावे ? संस्थेस परिचर्या परिषदेची मान्यता आहे काय, पदवी असेल तर ती नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची काय, मुली प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयांत शिकतात व तेथें खाटा किती, हें तोंडी न ऐकतां लेखी पाहावें. कागद दाखविण्यास जो संस्थाचालक उद्यांचा वायदा करील, त्याच्या दारांतून त्याच पावलीं परतावें.